जपानी कारागिरीचे हॉटेल आणि आपल्या गावचा सुतार

भिवंडी तालुक्यातले दापोडे हे गाव आता गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. माणकोली नाक्यावरून गावाकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब गोदामं दिसतात आणि त्यांच्या दारांत मालाच्या गाड्या उभ्या असतात. जिथे आज पत्र्याची छपरं आहेत तिथे एक-दोन पिढ्यांमागे भाताची खाचरं होती. ही काही तक्रार नव्हे. गोदामांनी कित्येकांना भाडं दिलं, पोरांना काम दिलं. जग बदलतं, तसं गावही बदलतं.

पण या बदलात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल. जुनं कौलारू घर उतरवलं जातं. ओटीचे सागवानी खांब, वरच्या तुळया, वासे, कोरीव चौकट, सगळं खाली येतं. दोन दिवसांत जुन्या लाकडाचा व्यापारी टेंपो घेऊन येतो आणि घर मोडीच्या भावाने निघून जातं. आता समजा, त्याच वेळी घरातली म्हातारी म्हणाली, "हेच घर मला पलीकडच्या तुकड्यात जसंच्या तसं उभं करून द्या," तर? लाकूड आहे, जागा आहे, पैसाही आहे. पण कुठला कुसू कुठल्या खाचेत बसतो हे ओळखणारा सुतार आपल्या पंचक्रोशीत आहे का?

हा प्रश्न मनाच्या कोपऱ्यात असू द्या, आणि आज माझ्याबरोबर जरा लांब, जपानच्या टोकियो शहरात चला. तिथे आपल्याला दोन हॉटेलं पाहायची आहेत. हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चहा, भजी आणि बाकडी येतात. ही हॉटेलं म्हणजे प्रवाशांनी उतरण्याची मोठी श्रीमंती घरं. एका रात्रीचं भाडं आपल्या दहा-वीस हजार रुपयांत भागत नाही. तुम्ही म्हणाल, मग आम्हाला त्याचं काय? थोडा धीर धरा. त्या भाड्यात कोणाकोणाची मजुरी आहे ते पाहू, म्हणजे आपला संबंध कळेल.

पहिलं हॉटेल 'होशिनोया टोकियो'. हे २०१६ साली उघडलं. आजूबाजूला बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या उंच इमारती आहेत आणि त्यांच्यात हे सतरा मजल्यांचं हॉटेल उभं आहे. बाहेरून त्याच्या भिंतींवर जाळीची नक्षी दिसते. तिला 'आसानोहा' म्हणतात, म्हणजे भांगेचं पान. पूर्वी जपानात धाग्यासाठी हे झाड लावीत. ते सरळ आणि झपाट्याने वाढतं, म्हणून तान्ह्या मुलांच्या अंगड्यांवर ही नक्षी घालण्याची तिथे जुनी चाल आहे. मूलही तसंच वाढावं, ही आईची इच्छा!

दार उघडतं ते जुन्या वृक्षाच्या लाकडातून घडवलेलं, जाडजूड. आत गेल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची? वहाणा काढायच्या. तुम्ही कितीही मोठे सावकार असा, पायातलं दाराशीच राहतं. वहाणा ठेवायला चेस्टनटच्या लाकडाचे आणि बांबूच्या विणीचे कप्पे भिंतभर बसवले आहेत. आपल्याकडे ओटीच्या पायरीशी चपला काढून आत जायची रीत आहे, तीच ही. फक्त त्या रीतीसाठी त्यांनी बुरुडाच्या आणि सुताराच्या हातून एक सुंदर वस्तू करून घेतली, आणि त्या दोघांना काम मिळालं.

पुढे पायाखाली येते ती 'तातामी'. या हॉटेलात तर वर जाण्याच्या पाळण्यातसुद्धा, म्हणजे लिफ्टमध्येही, तातामी अंथरलेली आहे. ही कशाची असते ठाऊक आहे? भाताच्या पेंढ्याची! आपल्या गोठ्यात जो पेंढा गुरांपुढे टाकतो, तोच पेंढा थरावर थर रचून, दाबून आणि दोऱ्याने शिवून साधारण दोन इंच जाडीची गादी करतात. तिच्यावर 'इगुसा' नावाच्या लव्हाळ्याची बारीक विणलेली चटई ताणून बसवतात आणि कडेला कापडाची पट्टी शिवतात. एक तातामी साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते, म्हणजे एका माणसाने आडवं होण्याइतकी. जपानात खोलीचं मापही तिच्यावरूनच सांगतात, अमुक खोली सहा तातामींची, तमुक आठांची. अलीकडे पुष्कळ ठिकाणी आत पेंढ्याऐवजी दाबलेल्या लाकडी भुश्शाचे किंवा कृत्रिम फेसाचे तक्ते घालतात. तरी वरची लव्हाळ्याची चटई अजून चालते आणि नव्या चटईला ओल्या गवतासारखा जो वास येतो, त्याची जपानी माणसाला फार ओढ असते.

ही सगळी रीत आली आहे तिथल्या जुन्या धर्मशाळावजा खाणावळींतून. त्यांना 'रियोकान' म्हणतात. यामानाशी प्रांतातलं एक रियोकान इसवी सन ७०५ पासून चालत आलेलं आहे आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याची नोंद आहे. दिवसा खोलीत एक बुटकं मेज असतं, रात्री ते बाजूला सारून तिथेच गादी घालतात. आपल्या माजघरासारखं! एकच खोली बैठकीची, जेवणाची आणि निजायची.

आता खिडकीकडे पाहा. काचेच्या आत लाकडी चौकटींचा एक सरकता पडदा असतो, त्यावर कागद चिकटवलेला. हा 'शोजी'. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, हाताने पाण्यातून उचललेला. साधा दिसतो, पण त्यातून उन्हाचा झोत आत येत नाही, नुसता मऊ उजेड येतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. एका खिडकीला पातळ पांढरा पतंगी कागद लावा, दुसरी उघडी ठेवा, आणि मुलांना विचारा की कुठल्या खिडकीपाशी पुस्तक वाचताना डोळे दिपत नाहीत. उजेडालासुद्धा गाळून घेता येतं, हे मुलं कधी विसरणार नाहीत.

शोजीच्या आणि दारांच्या चौकटींत बारीक काड्यांची जाळी असते. तिला 'कुमिको' म्हणतात. काडीला काडी मिळते तिथे दोन्हींत खाचा असतात, आणि त्या खाचा एकमेकींत अशा बसतात की एकही खिळा लागत नाही. खाच केसभर मोठी झाली तर जाळी खुळखुळते, केसभर लहान झाली तर काडी मोडते. हे काम करणारा जपानी सुतार रंधा आपल्यासारखा पुढे ढकलत नाही, स्वतःकडे ओढतो. हात निराळा, विद्या एकच. आपल्या जुन्या घरांचे सांधेही बिनखिळ्याचेच होते. आणि सुतारकी या मातीला नवी नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर या खाडीच्या काठी आपल्या आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात केली. ज्या मुलखात दर्यात जाणारी गलबतं घडली, त्या मुलखातल्या हातांना कमी कसं लेखता येईल?

जेवणाची वेळ झाली की समोर काळ्या नाहीतर तांबड्या लाखेची वाटी येते. ही जपानी लाख, 'उरुशी', आपल्या लाखेसारखी किड्यापासून होत नाही. तो एका झाडाचा चीक. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की त्याच्या खोडावर आडव्या चिरा देतात आणि चीक थेंब थेंब गोळा करतात. एका झाडापासून एका हंगामात सारा मिळून पावशेराच्याही आत, सुमारे २०० ग्रॅम चीक निघतो. हा चीक अंगाला लागला तर उततो, आपला बिब्बा उततो तसा. तसं होणारच, कारण ते झाड आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. आणखी एक गंमत अशी की इतर रंग उन्हात सुकतात, उरुशी मात्र दमट हवेत घट्ट होते. म्हणून कारागीर वाटीला एक हात देतात, ओलसर कपाटात ठेवतात, घासतात, पुन्हा हात देतात. असे कित्येक थर बसतात. त्या वाटीतून गरम सूप प्यायलं तरी बोटांना चटका बसत नाही.

आता दुसऱ्या हॉटेलाकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

त्याचं नाव 'हॉटेल ओकुरा'. टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक सामने भरले, त्याच्या दोन वर्षं आधी, १९६२ च्या मे महिन्यात ते उघडलं. परदेशी पाहुणे येणार तेव्हा त्यांना परदेशासारखंच घर दाखवायचं की आपल्या देशाचं रूप दाखवायचं, हा विचार ते बांधणाऱ्यांपुढे होता. त्यांनी दुसरी वाट धरली. योशिरो तानिगुची या वास्तुकाराने त्याची पुढची मोठी बैठक आखली. तिथे छताला दिवे टांगले ते पुरातन थडग्यांतून सापडणाऱ्या पैलूदार मण्यांच्या आकाराचे, एकाखाली एक माळेत ओवल्यासारखे. गोल मेजाभोवती पाच खुर्च्या मांडल्या, अशा की वरच्या सज्जातून पाहिलं तर जपानी अलुबुखाराचं पाच पाकळ्यांचं फूल उमललेलं दिसावं. खिडक्यांना शोजी आणि भांगेच्या पानाची कुमिको जाळी. आणि एका भिंतीवर रेशमी कापड, त्यावर चार पाकळ्यांच्या फुलांची नक्षी. ही नक्षी केन्किची तोमिमोतो या थोर कुंभाराची. होय, कुंभाराची! ज्याने आयुष्यभर मातीची भांडी घडवली त्याची फुलं रेशमात विणली गेली.

त्रेपन्न वर्षं ही बैठक जशीच्या तशी होती. मग मालकांनी ठरवलं की जुनी इमारत पाडून उंच नवी बांधायची. जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी आणि प्रवाशांनी विरोध केला, सह्या गोळा केल्या. पण जमिनीचा भाव आणि काळाची गरज यांच्यापुढे सह्या चालल्या नाहीत. २०१५ च्या ऑगस्टअखेर मुख्य इमारत बंद झाली आणि पाडली गेली. दापोड्यातल्या घराची आणि टोकियोतल्या हॉटेलाची कथा इथवर सारखीच आहे.

फरक पुढे पडतो. २०१९ च्या सप्टेंबरात त्याच जागी नवं ओकुरा उघडलं. एक इमारत एकेचाळीस मजल्यांची, दुसरी सतरा मजल्यांची. आणि आत पाऊल टाकलं तर समोर तीच बैठक! तेच मण्यांचे दिवे, तीच पाच पाकळ्यांची मेजं, तीच जाळी, तोच गाळलेला उजेड. काही वस्तू जुन्याच होत्या, उतरवून, जपून, दुरुस्त करून परत बसवलेल्या. काही नव्याने घडवल्या, आणि भिंतीवरची फुलं नव्याने विणली. हे काम ज्याच्या देखरेखीखाली झालं तो वास्तुकार होता योशिओ तानिगुची, म्हणजे पहिल्या वास्तुकाराचा मुलगा. बापाने आखलेली बैठक मुलाने पुन्हा उभी केली.

पैशाने हे झालं असं तुम्ही म्हणाल. पैसा लागलाच. पण नुसत्या पैशाने होत नाही. जाळी पुन्हा घडवायची तर ती घडवणारा सुतार जिवंत असावा लागतो. फुलं पुन्हा विणायची तर विणकराच्या घरात माग चालू असावा लागतो. त्रेपन्न वर्षं ते हात टिकले कसे, हे पाहण्यासारखं आहे. त्याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण म्हणजे जुनी समजूत. जपानात इसे नावाचं मोठं देवस्थान आहे. तिथली मुख्य मंदिरं दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधतात आणि जुनी उतरवतात. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही परंपरा मधल्या काही खंडांसकट आजवर चालत आली आहे. बासष्टावी बांधणी २०१३ साली झाली, पुढची २०३३ साली व्हायची आहे. उतरवलेलं लाकूड मोडीत जात नाही, दुसऱ्या देवळांना देतात. वीस वर्षांचा हिशेब करून पाहा. विशीतला पोरगा पहिल्या वेळी हाताखाली काम करतो, चाळिशीत तो पुरा सुतार असतो, साठीत तो दुसऱ्यांना शिकवतो. मंदिर नवं होतं आणि विद्या जुनी राहते.

दुसरं कारण म्हणजे सरकारचा हात. १९५० साली जपानने कायदा केला आणि जुन्या इमारतींबरोबर जुन्या विद्याही राष्ट्राचं धन ठरवल्या. ज्याच्या हातात अशी विद्या आहे त्याला सरकार मान देतं. लोक अशा माणसाला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. विद्या पुढे चालवण्यासाठी त्याला वर्षाला वीस लाख येन मिळतात. फुलांची नक्षी करणारा तो कुंभार तोमिमोतो १९५५ सालच्या पहिल्याच यादीत होता.

तिसरं कारण भिवंडीकरांनी नीट ऐकण्यासारखं आहे, कारण ते मागाचं आहे. क्योतो शहरात निशिजिन नावाचा विणकरांचा भाग आहे. पंधराव्या शतकात तिथे मोठं युद्ध झालं, तेव्हा पश्चिमेकडच्या सैन्याची छावणी तिथे होती. 'निशिजिन' म्हणजे पश्चिमेची छावणी. युद्ध संपल्यावर विणकर तिथे येऊन बसले. पुढे १८७२ साली, मालाची मागणी घटली तेव्हा, क्योतोने तीन माणसं फ्रान्समधल्या लियों शहरी धाडली. छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नक्षी उचलणारा जकार माग कसा चालतो ते शिकून या, म्हणून. दोघे यंत्रं घेऊन परतले. तिसरा, योशिदा चुशिची, मागाहून निघाला आणि १८७४ साली जपानच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून गेला. मागाची विद्या आणायला गेलेला माणूस घराच्या उंबऱ्याशी बुडाला. निशिजिनचे विणकर यंत्राला भ्याले नाहीत. यंत्र घेतलं, पण रेशीम, सोनेरी कागदाची तार आणि नक्षी आपली ठेवली.

आमच्या काळात त्यांच्यावर पुन्हा संकट आलं. बायका किमोनो नेसेनाशा झाल्या आणि कमरपट्ट्याच्या कापडाला गिऱ्हाईक उरेना. ते कापड जेमतेम हातभर, सुमारे बत्तीस सेंटिमीटर रुंदीचं. तेवढ्या पट्टीत खुर्ची मढवता येत नाही, भिंतही झाकत नाही. तेव्हा १६८८ पासून विणकाम करणाऱ्या होसोओ घराण्याने २०१० साली दीडशे सेंटिमीटर रुंद कापड काढणारा नवा माग बसवला. नक्षी तीच, विद्या तीच, पन्हा मात्र पाचपट रुंद! आता ते कापड हॉटेलांच्या खोल्यांत आणि परदेशी दुकानांच्या भिंतींवर जातं. ज्यांना किमोनोचं गिऱ्हाईक सोडून गेलं, त्यांना हॉटेल हे नवं गिऱ्हाईक मिळालं.

म्हणून मी म्हणालो की त्या खोलीच्या भाड्यात मजुरी आहे. पेंढा शिवणाऱ्याची, जाळी बसवणाऱ्याची, चीक गोळा करणाऱ्याची, विणकराची. श्रीमंत पाहुणा एक रात्र राहतो आणि निघून जातो, कारागिराच्या घरी मात्र चूल पेटती राहते.

जपानात सारं गोड आहे असं समजू नका. नव्या घरांत तातामीची खोली कमी होत चालली आहे, बहुतेक लाख परदेशातून आणावी लागते, आणि म्हाताऱ्या कारागिरांकडे शिकायला पोरं पुरेशी येत नाहीत. गिऱ्हाईक नुसतं श्रीमंतच उरलं तर गरिबाच्या घरातून ती वस्तू जाते, हाही धोका आहेच.

आपल्याकडे असं काही घडलं का? घडलं आहे, आणि तेही आपल्या कोकणातच. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाखकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. तिथला गंजिफा प्रसिद्ध आहे. हाताने रंगवलेली गोल पानं, दशावताराच्या डावात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, मिळून १२०. छापील पत्ते आले आणि गंजिफा रंगवणारे हात अगदी मोजके उरले. त्या वेळी, १९७० च्या दशकात, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसायला जागा दिली. राणीसाहेब स्वतः ते काम शिकल्या. आज राजवाड्याच्या दरबारात चितारी रंगकाम करताना पाहायला मिळतात, आणि त्याच आवारात मोजक्या खोल्यांचं एक हॉटेलही झालं आहे, गंजिफाच्या नक्षीने सजवलेलं. हाच धडा इथेही दिसतो. आधी हात वाचवले, म्हणून पुढे त्यांच्या कलेवर हॉटेल सजवता आलं. हात गेले असते तर नुसती रंगीत छायाचित्रं लावावी लागली असती.

आता परत दापोड्यात येऊ. इथे कोणी तातामीचं हॉटेल काढावं असं मी म्हणत नाही. पण घर पाडण्याआधी एक दिवस थांबता येईल. खांब, तुळई, वासा यांवर खडूने आकडे घालावेत, सांध्यांची चित्रं काढावीत, आणि गावातला सगळ्यांत जुना सुतार बोलावून त्याच्याकडून घर उतरवून घ्यावं. शेजारी दोन तरुण पोरं उभी करावीत. नवं पक्कं घर बांधताना निदान ओटीचे खांब आणि दाराची चौकट जुनीच बसवावी. त्या सुताराला एवढं काम मिळालं तरी पटाशीला गंज चढणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. या सत्रात मुलांकडून गावाची एक यादी करून घ्या. गोदामांची नको, ती सगळ्यांना दिसतात. हातांची करा. बिनखिळ्याचा सांधा कोणाला येतो? सूप कोण विणतं? कारवीचा कूड कोणी बांधला होता? मागाचा ताणा कोणाला जोडता येतो? नावापुढे वय लिहा, आणि त्यांच्याकडे कोण शिकतं तेही लिहा. बहुतेक ओळींत शेवटचा रकाना रिकामा राहील. तो रिकामा रकाना मुलांना वाचून दाखवा आणि विचारा, यांतल्या एकाच्या घरी शनिवारी दुपारी कोण जाईल?

टोकियोतली ती बैठक पाडली गेली आणि पुन्हा उभी राहिली, कारण रकाना रिकामा नव्हता. आपल्याकडची घरं पडायची ती पडतील. ती पुन्हा जोडायची म्हटलं, तर जोडणारा एक तरी हात गावात असू द्या.